दिसलं की बसायचं

सलमा मुकादम. गाव पूर्णगड, राहणं रत्नागिरीत. एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. माझ्या खिशातला रिक्षाचा परवाना, माझ्या डोक्यावरचं छप्पर आणि माझ्या मुलीचं शाळेतलं नाव, या तिन्हींच्या मागे त्या आहेत.

हे आधीच लिहून टाकतो. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. माझं लिहिणं कोण कुठपर्यंत वाचेल, कोण मधेच पान उलटेल, याची मला धास्ती. निदान ज्यांनी हात दिला त्यांचं नाव तरी सुरुवातीलाच वाचलं जावं. धास्ती हा माझा स्वभावच आहे. बाई म्हणायच्या, "भाऊसाहेब, तुझ्या तोंडावर बारा महिने पत्रे उडाल्याची बातमी असते."

भाऊसाहेब हे माझं खरं नाव. आमच्या येवल्याकडे पाळण्यातल्या पोराचंही नाव भाऊसाहेब ठेवतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. इथं रत्नागिरीत हमालाचं नाव भाऊसाहेब म्हटल्यावर लोक हसायचे. भाऊ, भावड्या, घाटी, ज्याला जे सुचेल ते. अख्ख्या गावात पूर्ण नावानं हाक मारणाऱ्या बाई एकट्या. तेही अरेतुरे करून. "भाऊसाहेब, गाडी हळू घे रे मेल्या."

आलो होतो कांद्याच्या ट्रकवर क्लिनर म्हणून. थोरल्या भावाशी वाकडं झालं होतं. ट्रक माल उतरवून परत गेला, मी गेलो नाही. कांदा-बटाट्याच्या वखारीत गोणी उचलायला लागलो. समुद्र तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि फार बरं वाटलं असं काही नाही. एवढं पाणी आणि पिण्याच्या कामाचं नाही, असंच मनात आलं.

बाई वखारीत आल्या त्या साडीखाली गमबूट घालून. हातात काळी छत्री, मुठीला लाल चिंधी बांधलेली. मालकाला म्हणाल्या, "मला कांद्याचं फूल हवंय. मुलांना दाखवायचंय." मालक हसला. "बाई, इथं कांदा मिळतो. फुलं देवळापाशी." मी गोणी टेकवून म्हणालो, "डेंगळे पाहिजे का तुम्हाला? ते बाजारात येत नाहीत. वावरातच राहतात. पण लावून देतो मी." आणि दिलेही. वखारीच्या मागे तेलाच्या फुटक्या डब्यात कोंब फुटलेले कांदे रोवले. थंडीत दांडे वर आले, टोकाला पांढरे गोंडे आले. डबा डोक्यावर घेऊन त्यांच्या दारात गेलो.

बाईंनी गोंड्याभोवती बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणालास त्या दिवशी? डेंगळे?" मी म्हणालो, "हो." त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवतेय आणि हा शब्द माझ्याकडे नव्हता. मला तुझा हेवा वाटतो."

मी घाबरलो. शिकल्यासवरल्या बाईला माझा हेवा वाटला म्हणजे आता काहीतरी वाईट होणार, असंच वाटलं. पुढे कळलं, बाईंचा हा रिवाजच होता. हेवा वाटला की त्या जाऊन तोंडावर सांगायच्या. शेजारच्या सावंतांच्या आंब्याला आधी मोहर आला की कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी उभ्या राहून हाक मारायच्या. "सावंत, तुमच्या कलमाला मोहर आला. माझं अजून ढिम्म आहे. सकाळपासून माझं डोकं फिरलंय. सांगून ठेवते." सावंत आतून ओरडायचे, "हेवा करून झाला असेल तर चहाला या, बाई." आणि बाई जायच्या. चहा पिऊन, त्यांच्या मोहराला कुठली कीड लागू शकते ते सांगून, शांत होऊन परत यायच्या.

मला म्हणायच्या, "हेवा मनात ठेवू नये. कांद्यासारखं असतं ते. तळाचा एक कुजला की गोणीभर वास." हे मला पटायचं, कारण गोणीचं मला माहीत होतं. जमायचं मात्र नाही. माझा हेवा कायम गोणीच्या तळालाच राहिला.

बाईंचे मोठे भाऊ रिक्षा चालवायचे. ते गेल्यावर ती रिक्षा अंगणात फणसाखाली उभी होती, हुडावर पानं कुजलेली. एक दिवस बाई म्हणाल्या, "चालव ती." परवान्याला आठवी पासचा दाखला लागत होता. दाखला गावच्या शाळेत, आणि गावाकडे जायचं माझं धाडस होईना. बाईंनी माझ्या शाळेचा नंबर शोधून थेट हेडमास्तरांना फोन लावला. मी पडवीत उभा राहून ऐकत होतो. "मुलगा चांगला आहे हो, फक्त चेहरा तसा आहे." दाखला टपालानं आला. त्या परवान्यावरच पुढे माझा संसार उभा राहिला, भाड्याचं घर झालं, मुलगी शाळेत गेली. भाड्याचं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भाडं कसलं? पावसात मला सड्यावर न्यायचं. मी म्हणेन तेव्हा, मी म्हणेन तिथं. आणि कुणाला सांगायचं नाही."

सडा म्हणजे आमच्या इथला डोंगरमाथ्यावरचा सपाट काळा कातळ. उन्हाळ्यात तिथं पाय ठेववत नाही. पावसात त्याच्या खळग्यांत बोटभर माती, वीतभर पाणी, आणि त्यात काय काय उगवतं ते बघायला खाली वाकावं लागतं. बाई जायच्या ती दीपकाडी बघायला, तिथंच पावसात फुलणारं एक रानफूल.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हणालो, "हा तर कांदा." खाली कांदाच होता, पापुद्र्यांचा. पानंही तशीच, अरुंद, लांब. बाईंनी पानाचं टोक चुरडून माझ्या नाकाला लावलं. वास नाही. "आता फूल बघ. तुझ्या डेंगळ्याला सगळी फुलं कुठे असतात?" मी म्हणालो, "टोकाला. एका जागी." "छत्रीच्या काड्यांसारखी. आणि हिला?" हिला दांड्यावर खालून वर, एकामागून एक होती. पांढरी. सहा पाकळ्या, खाली चिकटून त्यांची नळी झालेली, वर सुट्या. "एवढ्यावरून घर वेगळं होतं, भाऊसाहेब. कांद्याच्या घरातली दिसते, पण त्या घरातली नाही. हिची भावकीच लहान. त्यातही ही कोकणातल्या कातळावरचीच."

"मग कुणाच्या घरातली?" मी विचारलं.

बाईंनी तोंड वाकडं केलं. "आम्ही शिकलो तेव्हा लिलीच्या कुळात होती. मग म्हणाले, नाही, हायसिंथच्या. आता म्हणतात शतावरीच्या. दर वेळी नलूचा पुण्याहून फोन येतो. सलमे, घर बदललं गो. दर वेळी मला हेवा वाटतो. फूल माझ्या सड्यावर आणि बातमी आधी तिला."

"म्हणजे आता हिचं खरं घर कुठलं?"

"हिला विचार. ही हललीय का इथून?"

येवल्याचा राहिलो नाही, रत्नागिरीचा झालो नाही, असे माझे ते दिवस होते. रिक्षाथांब्यावर घाटी म्हणायचे आणि गावी फोन केला तर वहिनी कोकण्या म्हणायची. बाई फुलाबद्दलच बोलत होत्या. पण त्या दिवशी परतताना गाडी मी फार हलक्या हातानं चालवली.

ही नलू म्हणजे नलिनीबाई. दोघी रत्नागिरीत एकाच वर्गात शिकल्या. पुढे नलिनीबाई पुण्याला गेल्या, मोठ्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रमुख झाल्या. बाईंना मात्र घरून सोडलं नाही. "अब्बांनी बोटीवरून सगळी दुनिया बघितली होती," बाई सांगायच्या, "पण मुलीला घाट चढून पाठवायची छाती झाली नाही त्यांची." त्यात तक्रार नसायची, हवामान सांगावं तसं सांगायच्या.

सड्यावरचा बाईंचा एक नियम होता. दिसलं की बसायचं. पहिलं फूल ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही, होता तिथं खाली बसायचं. बाकीच्यांनी ते बघून हळूहळू यायचं. हा नियम कसा आला तेही त्यांनी सांगितलं होतं. पूर्वी एका सड्यावर त्यांनी वर्गातल्या एका मुलाला जागा दाखवली. तो पुढे स्वतः मास्तर झाला आणि मोठ्या उत्साहानं आपली सहल घेऊन गेला. पहिलं फूल दिसल्यावर तो आनंदानं ओरडला आणि पोरं धावली. जे बघायला आली होती तेच तुडवत धावली. तिथं पुन्हा दीपकाडी दिसली नाही. "त्यानं वाईट काही केलं नाही," बाई म्हणायच्या, "फक्त उभा राहून ओरडला."

पुढे दुसऱ्या सड्यावर सापडलेल्या जागेबद्दल बाईंनी आणखी कुणालाही सांगितलं नाही. वर जाताना माझा फोनसुद्धा बंद करायला लावायच्या. फोटोबरोबर जागाही जाते म्हणे. म्हणजे ती जागा जगात दोघांनाच माहीत होती, बाईंना आणि मला. या गावात माझं स्वतःचं म्हणावं असं तेव्हा तेवढंच होतं. घर भाड्याचं, रिक्षा बाईंची, समुद्र कोळ्यांचा. जागा माझी होती.

पुढे पुढे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाईंना फूल उशिरा दिसायला लागलं होतं. मला दिसलेलं असायचं आणि त्या त्याच्या शेजारून पुढे जायच्या. मग मी चाल मंद करायचो, चप्पल काढून झटकायचो, समुद्राकडे बघत बसल्यासारखं करायचो, पण बसायचो नाही. बाई माघारी वळायच्या, वाकायच्या, आणि कधीतरी खाली बसायच्या. छत्री मिटून मांडीवर घ्यायच्या. लहान मुलीसारखं तोंड व्हायचं. मग मी जाऊन शेजारी बसायचो. "दिसलं नाही ना तुला?" "नाही, बाई." "घाट्याला काय दिसणार?"

मागच्या पावसात नलिनीबाई आल्या, आणि बरोबर तन्वी नावाची कोल्हापूरची एक मुलगी. नलिनीबाई निवृत्त झाल्या होत्या, तरी हिला शिकवत होत्या. वेगवेगळ्या सड्यांवरच्या दीपकाड्या एकच की निराळ्या, हे तिला तपासायचं होतं. तन्वी पहिल्याच दिवशी चपला काढून थेट बाईंच्या स्वयंपाकघरात गेली. मी इतकी वर्षं त्या घरात जेवलो, पण पडवीत. कुणी मज्जाव केला नव्हता, माझं मीच तिथं बसायचो. आता पडवीत बसून मी आतलं ऐकत होतो. बाई तिला वाफेवरची गोड सांदणं वाढत होत्या. "खा गो बाय. काय ही पोर, नुसती काडी." "मॅडम, हे कशाचं? भारी आहे." "फणसाचं. अंगणातल्याच." ज्या फणसाखालून मी रिक्षा झाडून बाहेर काढली होती, त्याच फणसाचं. माझ्याही ताटात तेच सांदण होतं. गोड लागलं नाही.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "हुशार आहे पोरगी. नवं सगळं वाचलेलं आहे. मला तिचा हेवा वाटतो." मी गाडी पुसत राहिलो. मलाही वाटत होता, पण माझ्या तोंडातून निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिघींना घेऊन निघालो. बाई नेहमीसारख्या डाव्या कडेला, छत्री गुडघ्यांत धरून. "डावीकडे घे, भाऊसाहेब." जागा उजवीकडे होती. मी आरशात पाहिलं. बाई बाहेर बघत होत्या. मी डावीकडे घेतली. पुढे पुन्हा डावीकडे. मग एका वाडीतून, एका देवळावरून, खाली, परत वर. मला जे सुख झालं ते काय सांगू. बाई दाखवणार नव्हत्या. जागा आमचीच राहणार होती. गाडी मी गाणं म्हणत चालवावी तशी चालवत होतो.

बऱ्याच वेळानं मागून नलिनीबाईंचा आवाज आला. "सलमे, हे देऊळ मघाशी उजव्या हाताला होतं."

"कोकणात देवळं पुष्कळ."

"आणि प्रत्येक देवळाच्या ओट्यावर हेच लंगडं कुत्रं?"

तन्वीनं ओढणी तोंडावर धरली. बाईंनी छत्रीच्या मुठीवरची चिंधी घट्ट केली. मग म्हणाल्या, "थांबव." मी देवळापाशी थांबवली. कुत्र्यानं ओळखीचं शेपूट हलवलं.

"हेवा वाटतो मला तुझा, नलू," बाई समोर बघत म्हणाल्या. "तुला कळतं आधी. तुझं छापून येतं. या पोरी तुझ्यामागे येतात. माझ्याकडे एवढी एक जागा आहे."

"आणि मला वाटत नाही असं वाटतं तुला?" नलिनीबाईंनी चष्मा काढला. "मी कपाटातली फुलं बघत म्हातारी झाले, सलमा. कागदाला चिकटवलेली. चहाच्या रंगाची होतात सगळी. पांढरी किती पांढरी असते ते दर पावसात तू मला सांगायचीस आणि मी फोन ठेवून रागानं कपडे धुवायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्यासारखं तोंडावर बोलायला जमतं कुणाला?"

बाई हसल्या. अगदी आतून, खांदे हलवत. मग माझ्या पाठीला छत्रीचं टोक लावून म्हणाल्या, "फिरव, भाऊसाहेब. उजवीकडे."

मी लगेच चावी फिरवली नाही. म्हणालो, "पाऊस येऊ राह्यला, बाई."

"येऊ राह्यला तर येऊ दे," बाई माझ्याच बोलीत म्हणाल्या. "फिरव."

वर धुकं होतं. फोन बंद झाले, नियम सांगून झाला. आम्ही चौघं पाण्याच्या खळग्यांमधून अंतर ठेवून चाललो. मला लगेच दिसली. खळग्याच्या काठाला एक दांडा, चार फुलं उमललेली. मी सवयीप्रमाणे चप्पल काढली आणि झटकू लागलो. बाई तिकडेच येत होत्या. आणखी थोडं, की त्यांना दिसणार होती.

तेवढ्यात तन्वी बसली. जीन्स घालून सरळ पाण्यात बसली. आवाज केला नाही, बोट दाखवलं नाही. नियमात कुठेही चुकली नाही, याचाच मला जास्त राग आला. ते फूल बाईंचं होतं. बाईंचं नव्हतं तर माझं होतं.

बाई तिच्याजवळ आल्या. उभ्या राहिल्या. "कुठे?" तन्वीनं फुलाकडे नजर टाकली. बाईंनी त्याच दिशेला पाहिलं आणि पुन्हा हळूच विचारलं, "कुठे गो?" हातभर अंतरावर होती. नलिनीबाईंनी त्यांचा हात धरला, त्यांना खाली बसवलं आणि त्यांचं बोट दांड्याला टेकवलं. बाईंचं बोट खालून वर एकेका फुलावरून गेलं.

दोन म्हाताऱ्या पावसात चिखलात बसल्या होत्या. मग बाईंनी विचारलं, "काय गो नलू, कुठल्या कुळातली ही आता?"

"आज विचारू नकोस," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांची नजर फुलावरून हलत नव्हती. "पांढरी आहे खरंच."

परत आल्यावर नलिनीबाई आणि तन्वीला लॉजवर सोडलं. अंगणात गाडी आणली तरी बाई उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "गाडी बंद कर. तुला आज आधी दिसली होती."

"नाही, बाई."

"दर वर्षी दिसते. आधी तुझी मान वळते, मग तू चप्पल झटकतोस. मला फूल दिसत नाही, भाऊसाहेब, पण तुझ्या पाठीएवढी पाठ दिसते. तुझी मान कुठे वळली ते बघून मी शोधायची."

मी आरसा पुसू लागलो.

"इतका हेवा वाटायचा मला तुझ्या डोळ्यांचा," बाई म्हणाल्या, "की हाच एक हेवा मी तोंडावर सांगू शकले नाही. सांगितला असता तर तू लपवायचं सोडलं असतंस, आणि मग मला आधी सापडलीच नसती. त्या पोरीनं आज मला फसवलं नाही. मला तिचा राग आला आणि बरंही वाटलं. आता तूही फसवू नकोस. दिसलं की बसायचं."

मग मी पहिल्यांदा मनातलं बोललो. म्हणालो, "बाई, मला त्या पोरीचा हेवा वाटतो. तुम्ही तिला आत बसवलंत."

बाई माझ्याकडे वळल्या. "पडवीत मी बसवलं का तुला कधी?" मग छत्री टेकत उतरल्या. "चल. आत ये." त्या रात्री मी चुलीजवळ बसून तांदळाची भाकरी आणि बांगडा खाल्ला.

थंडी सरता सरता बाईंचा भाचा कुवेतहून आला. डोळ्यांवर तिकडे इलाज होईल, आणि एकटीनं राहणं आता बरं नाही, असं ठरलं. जाण्याआधी बाईंनी रिक्षा माझ्या नावावर करून दिली. जागेचं एकच सांगितलं. "तन्वी येईल पावसात. तूच ने. तिच्याशी भांडलास तरी चालेल, पण तोंडावर भांड."

स्टेशनवर त्यांना उतरवलं. पोलिसानं रिक्षा लांब लावायला लावली, त्यात उशीर झाला. धावत फलाटावर आलो तेव्हा गाडी लागलेली होती. भाचा सामान चढवत होता. बाई डब्याच्या दाराशी, आपल्या पत्र्याच्या ट्रंकेशेजारी, छत्री धरून उभ्या होत्या आणि मान इकडून तिकडे फिरवत होत्या. मी खांबाजवळ थांबलो. हाक मारायची होती, पण इतक्या वर्षांची सवय, ओरडवेना. मला त्या आधी दिसल्या होत्या. बसायला हवं होतं. माझे पाय वाकले नाहीत.

त्यांची मान माझ्याकडे येऊन थांबली. त्यांना मी दिसलो की रिक्षावाल्याच्या गणवेशाचं नुसतं खाकी काहीतरी, कोण जाणे. बाई खाली बसल्या. ट्रंकेवर, एवढ्या माणसांत, छत्री मिटून मांडीवर घेऊन. भाचा म्हणत होता, "आत्या, उठ, गाडी सुटेल." बाई उठल्या नाहीत. मी जवळ पोहोचेपर्यंत बसून राहिल्या.

या पावसात तन्वी येणार आहे. मी तिला नेईन. भांडेन बहुतेक. पण बाई, तुमचे डोळे बरे होवोत की न होवोत, एक दिवस मी तुम्हाला परत सड्यावर नेणार आहे. चप्पल झटकणार नाही, समुद्राकडे बघणार नाही. मला आधी दिसली तर तुमच्यासमोर आधी मी बसेन, आणि तुम्हाला पोटभर माझा हेवा करू देईन. तुमचं देणं मला दुसऱ्या कशानं फेडता येईल असं वाटत नाही.